फ्लॉपीवरची लिनक्स फायरवॉल कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर नेताना

फ्लॉपीवरून सुरू होणाऱ्या लिनक्स फायरवॉलची रचना फार चांगली होती, माध्यम मात्र त्या रचनेच्या लायकीचं नव्हतं. मशीन सुरू झालं की कर्नल आणि पॅकेजेस फ्लॉपीवरून वाचली जायची, सगळं रॅममध्ये उलगडलं जायचं आणि त्यानंतर महिनोन्महिने ड्राइव्हला कुणी हात लावायचं नाही. वीज गेली तरी फाइल सिस्टीम बिघडण्याचा प्रश्न नव्हता, कारण डिस्कवर काही लिहिलंच जात नव्हतं.

म्हणून या लेखात माझा एकच आग्रह आहे. फ्लॉपीच्या जागी कार्ड लावा, पण फ्लॉपीची शिस्त सोडू नका. हातात ५१२ एमबीचं कार्ड आलं की त्यावर नेहमीसारखं पूर्ण लिनक्स बसवायचा मोह होतो. मग लॉग कार्डावर लिहिले जातात, स्वॅप चालू राहतो, आणि वीज गेल्यावर पुढच्या बूटला फाइल सिस्टीमची तपासणी अडकून बसते. एवढं करायचं तर साधी हार्डडिस्क काय वाईट होती?

ही पद्धत लिनक्स राउटर प्रोजेक्टमधून आली. डेव्ह सिनेज यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो सुरू केला आणि २००३ मध्ये तो संपल्याचं जाहीर केलं. त्याच्या पॅकेज पद्धतीवर छोट्या राउटर-फायरवॉलसाठीचा लीफ हा प्रकल्प उभा राहिला. त्यातली बेरिंग ही शाखा झाक निलो आणि एरिक वोल्झाक यांनी २.४ कर्नल आणि टॉम ईस्टेप यांचं शोरवॉल (फायरवॉलचे नियम लिहायचं साधन) यांच्याभोवती बांधली. पुढे ‘सी’ भाषेची यूक्लिबसी ही आटोपशीर लायब्ररी वापरणारी बेरिंग-यूक्लिबसी आली. खालच्या पायऱ्या याच घराण्याला धरून आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. २.४ कर्नलची देखभाल केव्हाच थांबली आहे. प्रयोगशाळेतलं नेटवर्क, बाहेरच्या जगाशी न जोडलेली जुनी यंत्रणा किंवा शिकण्यासाठी ठेवलेली पेटी यांना ते चालेल. थेट इंटरनेटसमोर उभ्या राहणाऱ्या पेटीवर मात्र आजचं सॉफ्टवेअर हवं, आणि त्याचा मार्ग शेवटच्या भागात दिला आहे. हार्डवेअर, पार्टिशन आणि बूटलोडरच्या पायऱ्या दोन्हीकडे उपयोगी पडतात. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. यंत्रावर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायची.

फ्लॉपी नेमकी कुठे दगा देते

साध्या फ्लॉपीवर १४४० केबी मावतात. बेरिंगची प्रतिमा त्यात बसत नसे, म्हणून प्रत्येक ट्रॅकवर १८ ऐवजी २१ सेक्टर कोंबून १६८० केबीची फ्लॉपी बनवत. ८० ट्रॅक, दोन बाजू, २१ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पाच. एका फेऱ्यात एका बाजूचा एक ट्रॅक वाचला गेला असं धरलं तरी पूर्ण फ्लॉपी वाचायला किमान ३२ सेकंद लागणारच. हेड सरकण्याचा आणि पुन्हा वाचण्याचा वेळ वेगळा.

वेळ एकवेळ सहन होतो. खरा त्रास हा, की फ्लॉपी ड्राइव्हमध्ये वर्षभर नुसती बसून असते. पॉवर सप्लायचा पंखा पेटीतली हवा बाहेर ओढतो आणि आत येणाऱ्या हवेची एक वाट ड्राइव्हच्या फटीतूनच जाते. त्या हवेबरोबर आलेली धूळ हेडवर आणि चकतीवर साचते. फ्लॉपीत हेड चकतीला प्रत्यक्ष टेकतं, त्यामुळे त्या धुळीचे ओरखडे उठतात. आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, चकतीला बुरशीही धरते. हे सगळं चालू यंत्रात कळत नाही, कारण फ्लॉपी वाचलीच जात नाही. कळतं ते वीज जाऊन आल्यावर, नेमकी फायरवॉल पुन्हा सुरू व्हायला हवी तेव्हा. महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढली आहेत त्यांना या क्षणाची वेगळी ओळख करून द्यायला नको.

काय विकत घ्यायचं

आयडीई (जुन्या हार्डडिस्क जोडण्याची पद्धत) असलेल्या मदरबोर्डसाठी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड हा सर्वांत सरळ पर्याय आहे. सॅनडिस्कने १९९४ मध्ये आणलेल्या या कार्डात आयडीई डिस्कचा कंट्रोलर आतच असतो. वीज सुरू होताना एक ठरावीक पिन जमिनीला जोडलेली असली की कार्ड ‘ट्रू आयडीई’ प्रकारात उठतं आणि मदरबोर्डला ती साधी हार्डडिस्क वाटते. वेगळा ड्रायव्हर लागत नाही. म्हणूनच अडॅप्टरमध्ये फारसं इलेक्ट्रॉनिक्स नसतं: दोन सॉकेट, मधल्या तारा आणि एखादा जंपर.

अडॅप्टर दोन मापांत मिळतो. डेस्कटॉपच्या ४० पिनी केबलचा असेल तर त्याला वीज वेगळी द्यावी लागते, आणि ती बहुतेक वेळा फ्लॉपी ड्राइव्हच्याच छोट्या चार पिनी प्लगमधून घेतात. फ्लॉपी काढल्यावर तो प्लग मोकळा होतोच. लॅपटॉपच्या ४४ पिनी मापात वीज केबलमधूनच येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारून पाहा; ऑनलाइनही मिळतात. घेताना डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता डिस्क आणि मेमरीत माहिती हलवण्याच्या सोयीच्या) दोन तारा जोडलेल्या आहेत का हे विक्रेत्याला विचारा. स्वस्त अडॅप्टरमध्ये त्या जोडलेल्याच नसतात, आणि त्यातून होणाऱ्या घोटाळ्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कार्ड मोठं घ्यायची गरज नाही. संपूर्ण बेरिंग काही एमबीत बसते, १२८ किंवा २५६ एमबी म्हणजे चैन झाली. जमलं तर एकसारखी दोन कार्डं घ्या. दुसरं कशासाठी ते पुढे येईलच.

डिस्क-ऑन-मॉड्यूल हा दुसरा चांगला पर्याय: आयडीई पोर्टात थेट खोचायचा छोटा तुकडा, केबल नाही की अडॅप्टर नाही. तोही यंत्राला डिस्कच दिसतो, त्यामुळे खालच्या सगळ्या पायऱ्या त्याला लागू. फक्त तो काढून दुसऱ्या संगणकात वाचणं कार्डाइतकं सोपं नसतं. नावाने जवळचं वाटणारं डिस्क-ऑन-चिप मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याला स्वतःचे ड्रायव्हर आणि स्वतःची बूट पद्धत लागते, आधीपासून बोर्डवर बसलेलं नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. यूएसबी पेनड्राइव्ह नव्या यंत्रावर उत्तम, पण पेंटियम काळातली बायोस त्यावरून बूट होईलच याचा भरवसा नाही.

कार्ड लावणं

वीज पूर्ण बंद करा, वायर भिंतीतून काढा. कॅमेऱ्यात कार्ड चालू स्थितीत बदलता येतं म्हणून इथेही तसं करू नका. आयडीई अडॅप्टरमध्ये ते चालत नाही. सॉकेटच्या ५० पिना नाजूक असतात, कार्ड सरळ रेषेत ढकला. जंपर ‘मास्टर’वर ठेवा आणि पहिल्या आयडीई पोर्टवर ते एकटंच असू द्या. लिनक्सचा जुना आयडीई ड्रायव्हर त्याला ‘एचडीए’ म्हणतो आणि पुढे सगळीकडे मी हेच नाव धरलं आहे.

बायोसमध्ये डिस्कची ओळख ‘ऑटो’ आणि पद्धत ‘एलबीए’ (सेक्टर थेट क्रमांकाने ओळखण्याची) ठेवा. बूटचा क्रम अजून बदलू नका, फ्लॉपी पहिलीच राहू दे. चालू असलेली व्यवस्था मोडून नवी उभारण्यापेक्षा जुन्या फ्लॉपीवर यंत्र सुरू करून शेजारी नवी व्यवस्था लावणं फार सुखाचं.

पार्टिशन आणि बूटलोडर

कार्ड दुसऱ्या लिनक्स संगणकावर यूएसबी रीडरमधून तयार करता येतं, आणि बहुतेक जण तेच करतात. तिथे दोन धोके आहेत. पहिला, चुकीची डिस्क पुसली जाण्याचा: कार्ड लावण्याआधी आणि नंतर डिस्कची यादी पाहा, आकारावरून खात्री करा, मगच पुढे जा. दुसरा धोका भूमितीचा. रीडर कार्डाचे हेड आणि सेक्टर वेगळे सांगतो, फायरवॉलची बायोस वेगळे, आणि मग कार्ड सगळ्या फाइलींसह नीट असूनही बूट होत नाही.

म्हणून पार्टिशनचा प्रकार ‘एलबीए असलेलं फॅट-१६’ निवडा. एफडिस्कमध्ये त्याचा कोड शून्य-ई आहे. साध्या फॅट-१६ च्या शून्य-सहापेक्षा हा बरा, कारण बूट करणारा कोड हेड-सेक्टरच्या हिशेबात न पडता थेट सेक्टर क्रमांकाने वाचतो. जुनी पार्टिशनं काढून टाका आणि कार्डाच्या सुरुवातीलाच ३२ एमबीचं एक प्रायमरी पार्टिशन करा. उरलेली जागा मोकळी सोडा. त्यामागे दोन कारणं आहेत. फार जुन्या बायोसला १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांच्या पलीकडचं, म्हणजे ५०४ एमबीनंतरचं, वाचता येत नाही. छोटं पार्टिशन ती रेषा ओलांडतच नाही. आणि पुढे कार्डाची प्रत काढताना सुरुवातीचा थोडासा भागच उतरवावा लागतो.

पार्टिशन ‘ॲक्टिव्ह’ करायला विसरू नका. एफडिस्कमध्ये ‘ए’ दाबून ते होतं. मग बदल लिहून बाहेर या आणि एमकेडॉसएफएस ही आज्ञा फॅट १६ चा पर्याय देऊन पार्टिशनवर चालवा. संपूर्ण कार्डावर नाही, पार्टिशनवर: एचडीए नव्हे, एचडीए१.

आता बूटलोडर. सिसलिनक्स हे एच. पीटर ॲन्विन यांचं काम, आणि फ्लॉपीवरही तुम्ही तेच वापरत होता. पार्टिशन माउंट केलेलं नसताना सिसलिनक्स आज्ञेला पार्टिशनचं नाव द्या. ती पार्टिशनच्या बूट सेक्टरमध्ये आपला कोड टाकते आणि एलडीलिनक्स डॉट सिस ही फाइल आत ठेवते. फ्लॉपीवर एवढं पुरायचं, कारण फ्लॉपीला पार्टिशन नसतात. कार्डावर त्याच्याही आधी मास्टर बूट रेकॉर्ड येतो, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. सिसलिनक्सबरोबर एमबीआर डॉट बिन नावाची फाइल मिळते. ती डीडी आज्ञेने पूर्ण कार्डाच्या सुरुवातीला लिहायची: ब्लॉकचा आकार ४४०, संख्या १. यावेळी लक्ष्य एचडीए, एचडीए१ नव्हे. ५१२ कधीही लिहू नका. त्या सेक्टरच्या ४४६ व्या बाइटपासून ६४ बाइट पार्टिशन तक्त्याचे आहेत, आणि ५१२ लिहिल्यास आत्ताच बनवलेलं पार्टिशन दिसेनासं होण्याचा धोका आहे.

फाइली आणि सेटिंग

फ्लॉपीवरची प्रत्येक फाइल कार्डाच्या पार्टिशनमध्ये कॉपी करा. फक्त एलडीलिनक्स डॉट सिस नको, ती कार्डाची स्वतःची आहे. म्हणजे कर्नल, इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उघडणारी छोटी फाइल सिस्टीम), सिसलिनक्सचं सेटिंग, लीफ डॉट सीएफजी आणि सगळी एलआरपी पॅकेजेस. ही पॅकेजेस म्हणजे आतून साधे टार-जीझिप गठ्ठे आहेत. फाइली उपफोल्डरमध्ये न ठेवता मुळाशीच ठेवा.

सिसलिनक्स डॉट सीएफजीमध्ये जिथे जिथे एफडी०यू१६८० असं फ्लॉपीचं नाव आहे तिथे एचडीए१ लिहा. यूक्लिबसी आवृत्तीत लीफसीएफजी हा पर्याय सेटिंगची फाइल कुठे आहे ते सांगतो; त्यात साधनाच्या नावानंतर अपूर्णविराम आणि फाइल सिस्टीमचं नाव येतं, तेही तपासा. जुन्या बेरिंगमध्ये बूट आणि पीकेजीपाथ हे दोन पर्याय याच ओळीत असतात. दोन्ही बदला. एक बदलला आणि एक राहिला तर कर्नल कार्डावरून येतो, पॅकेजेस मात्र फ्लॉपीवर शोधली जातात. फ्लॉपी अजून ड्राइव्हमध्ये असेल तर ती सापडतातही आणि सगळं जमलं असं वाटतं.

लीफ डॉट सीएफजीमध्ये पॅकेजेसची यादी, पीकेजीपाथ आणि रॅम डिस्कचे आकार असतात. कार्डावर जागा मुबलक आहे म्हणून डझनभर पॅकेजेस वाढवली तर ती उलगडताना रॅममध्ये जागा संपल्याचा संदेश येईल. सिस्ट-साइझ हा पर्याय मूळ रॅम डिस्कचा आकार ठरवतो, लॉग-साइझ लॉगचा. यादी वाढली की पहिला वाढवा. यादी फार वाढवू नका, हा माझा सल्ला वेगळा. एसएसएच, वेळ जुळवणारी सेवा, गरज असेल तर व्हीपीएन, इतकं ठीक. फायरवॉलवर जे चालूच नाही त्यात भोकही पडत नाही.

इनिटआरडी: इथे सावकाश जा

कर्नल आणि इनिटआरडी बायोसच्या मदतीने सिसलिनक्स मेमरीत आणतो. तिथपर्यंत लिनक्सला कार्डाचा ड्रायव्हर लागत नाही. त्यानंतर इनिटआरडीमधली स्क्रिप्ट बाकीची पॅकेजेस वाचायला जाते, आणि त्या क्षणी कर्नलला स्वतः आयडीई डिस्क वाचता यायला हवी. फ्लॉपीसाठी बनवलेल्या इनिटआरडीत आयडीईची मॉड्यूल नसतात, कारण जागाच नव्हती. मॉड्यूल कार्डावरच्या पॅकेजमध्ये, आणि कार्ड वाचायला तीच मॉड्यूल हवीत. खोलीची किल्ली खोलीतच ठेवून दार ओढून घेतल्यासारखी ही स्थिती आहे. किल्ली आधीच बाहेर, म्हणजे इनिटआरडीत, ठेवावी लागते.

तुमच्या आवृत्तीबरोबर आयडीई असलेली तयार इनिटआरडी मिळत असेल तर तीच वापरा. नसेल तर स्वतः बनवणं अवघड नाही. या काळातली इनिटआरडी डॉट एलआरपी म्हणजे जीझिपने दाबलेली मिनिक्स फाइल सिस्टीमची प्रतिमा. डेस्कटॉप लिनक्सवर तिची प्रत उघडा, लूप पद्धतीने मिनिक्स म्हणून माउंट करा. आत बूटच्या फोल्डरखाली मॉड्यूलची जागा आणि कोणती मॉड्यूल चढवायची त्याची यादी सापडते. तीन मॉड्यूल लागतात: आयडीईचा गाभा, पोर्ट शोधणारं आणि डिस्कचं. २.४ मालिकेच्या जुन्या आवृत्त्यांत त्यांची नावं आयडीई-मॉड, आयडीई-प्रोब-मॉड आणि आयडीई-डिस्क अशी होती, २.४.२१ पासून पहिली दोन आयडीई-कोअर आणि आयडीई-डिटेक्ट झाली. गाभ्याचं मॉड्यूल यादीत सर्वांत आधी हवं, कारण बाकीची त्याच्यावर अवलंबून आहेत. पार्टिशन व्हीफॅट म्हणून वाचायचं ठरवलं असेल तर त्याचं मॉड्यूलही आत हवं. एमएसडॉस म्हणूनच वाचत असाल तर फ्लॉपीची सोय इथेही चालते.

मॉड्यूल तुमच्या कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचीच घ्या. शेवटचा आकडा जरी वेगळा असला तरी ती चढणार नाहीत. त्या छोट्या प्रतिमेत जागा कमी पडली तर यादीतून फ्लॉपीपुरती असलेली आणि आता न लागणारी मॉड्यूल काढा. मग अनमाउंट करा, जीझिपने पूर्ण दाबा आणि मूळ नावाने कार्डावर ठेवा. जुनी इनिटआरडी वेगळ्या नावाने कार्डावरच राहू दे.

कार्ड खरंच वाचलं जातं का ते आधी पाहायचं असेल तर यंत्र फ्लॉपीवर सुरू करा, हीच मॉड्यूल हाताने याच क्रमाने चढवा आणि डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, पाहा. एचडीए, कार्डाचं नाव आणि सेक्टरची संख्या दिसली की हार्डवेअरचा प्रश्न मिटला. यापुढे अडलं तर दोष सेटिंगमध्ये आहे हे नक्की, आणि एवढं कळल्याने अर्धा शोध वाचतो.

पहिलं बूट, आणि अडलं तर

फ्लॉपी बाहेर काढा, बायोसमध्ये आयडीई डिस्क पहिली करा, सुरू करा. सगळं नीट असेल तर फ्लॉपीची ती ओळखीची घरघर न होता काही सेकंदांत लॉगिन समोर येतं.

पडद्यावर काहीच न येता यंत्र थांबलं किंवा ऑपरेटिंग सिस्टीम नसल्याची तक्रार आली तर मास्टर बूट रेकॉर्ड, ॲक्टिव्ह खूण आणि भूमिती या क्रमाने तपासा. भूमितीची शंका असेल तर पार्टिशन त्याच यंत्रावर, फ्लॉपीवरून बूट करून, पुन्हा बनवा. बायोस फारच हट्टी असेल तर सिसलिनक्स ‘एस’ पर्याय देऊन बसवा. तो सावकाश पण सुरक्षित पद्धतीने वाचतो. सिसलिनक्सचा संदेश येतो पण कर्नल सापडत नाही म्हणतो, तर फाइलीचं नाव आठ-तीनच्या मर्यादेत आहे का पाहा. कर्नल सुरू होतो आणि पॅकेजेस मिळत नाहीत म्हणतो, तेव्हा कारण जवळजवळ नेहमी इनिटआरडीतली मॉड्यूल किंवा सुटून गेलेलं एखादं एफडी०यू१६८० असतं.

आणखी एक बिघाड फसवा आहे. बूट मध्येच अर्धा मिनिट थबकतं, डीएमए वेळेत पूर्ण न झाल्याचे संदेश येतात, पुन्हा चालतं, पुन्हा थबकतं. कार्ड म्हणतं मला डीएमए येतं, कर्नल त्यावर विश्वास ठेवतो, आणि अडॅप्टरमध्ये त्या तारा नसतात. कार्ड खराब आहे असं समजून फेकू नका. सिसलिनक्सच्या ओळीत आयडीई बरोबर नोडीएमए हा पर्याय वाढवा. नव्या कर्नलमध्ये, जिथे लिबएटीए ड्रायव्हर आहे, तिथे लिबएटीए डॉट डीएमए बरोबर ३ लिहा. त्याने डिस्क आणि सीडीचं डीएमए चालू राहतं, फक्त कॉम्पॅक्टफ्लॅशचं बंद होतं. वेग कमी होतो, पण काही एमबी एकदाच वाचायचे आहेत.

सॉक्रिस किंवा पीसी इंजिन्स या कंपन्यांच्या जुन्या छोट्या बोर्डवर कार्डाचं सॉकेट आधीच असतं, पडदा मात्र नसतो. तिथे सिसलिनक्स डॉट सीएफजीची पहिलीच ओळ सीरियल पोर्टची हवी, कर्नलला कन्सोल टीटीवायएस० सांगायला हवं आणि इनिटटॅबमध्ये त्याच पोर्टवर लॉगिन सुरू करायला हवं. वेग तिन्ही जागी एकच ठेवा. सॉक्रिस मुळात १९२००वर बोलतो, पीसी इंजिन्सचे रॅप आणि ॲलिक्स बोर्ड ३८४००वर. सीरियल केबलने जोडलेल्या संगणकावर कचरा अक्षरं दिसली तर आधी वेगच पाहा.

जतन करणं आणि न लिहिणं

यंत्र रॅममध्ये चालतं, त्यामुळे शोरवॉलचा नियम बदलून रीस्टार्ट केलं की बदल गेला. एलआरसीएफजीच्या मेन्यूमधून बॅकअप घ्यायचा, हे फ्लॉपीच्या दिवसांपासून तुम्हाला ठाऊक आहे. आता बॅकअप कुठे जातो ते एकदा डोळ्यांनी तपासा. तो अजूनही फ्लॉपीकडे बोट दाखवत असेल तर एचडीए१ करा. मग एखादा निरुपद्रवी बदल करा, जतन करा, रीस्टार्ट करा आणि बदल टिकला का ते पाहा. हे झाल्याशिवाय काम झालं असं मानू नका.

फ्लॉपीजवळ एक गुण होता जो कार्डाजवळ नाही: कोपऱ्यातली ती सरकपट्टी. खिडकी उघडी ठेवली की कुठलंही सॉफ्टवेअर तिच्यावर लिहू शकत नसे. कॉम्पॅक्टफ्लॅशला अशी पट्टी नसते. एसडी कार्डाला असते, पण ती पाळायची की नाही हे रीडर ठरवतो. म्हणजे आता ही जबाबदारी तुमच्यावर आली. बॅकअपचे काही क्षण सोडले तर कार्ड माउंट केलेलं नसावं, आणि पाहण्यापुरतं माउंट करायचं झालं तर रीड-ओन्ली. रूट मिळवलेल्या घुसखोराला हे थांबवणार नाही, पण तुमच्या हातून होणारी चूक आणि वीज गेल्यावरची मोडतोड नक्की थांबवेल.

फ्लॅश झिजते ही भीती या रचनेत अस्थानी आहे. चांगल्या एसएलसी (एका पेशीत एकच बिट साठवणाऱ्या) फ्लॅशचा प्रत्येक ब्लॉक साधारण एक लाख वेळा पुसून लिहिता येतो, आजच्या स्वस्त प्रकारांचा काही हजार वेळा. आठवड्यातून एकदा बॅकअप घेतला तरी वर्षात ५२ वेळा लिहिणं होतं. कार्ड मरतं ते सेकंदासेकंदाला लॉग लिहिणाऱ्या यंत्रावर. तेव्हा लॉग रॅममध्ये राहू द्या आणि टिकवायचे असतील तर सिसलॉगने यूडीपी ५१४ पोर्टवरून दुसऱ्या संगणकाकडे पाठवा. फायरवॉल फोडली गेली तर तिच्यावरच्या लॉगवर तसाही विश्वास ठेवता येत नाही.

दुसऱ्या कार्डाचं काम आता. पहिलं कार्ड डेस्कटॉपवर लावून डीडीने सुरुवातीचे ४० एमबी फाइलीत उतरवा आणि तीच फाइल दुसऱ्या कार्डावर लिहा. पूर्ण कार्डाची प्रत काढलीत तर एक अडचण येते: एकाच आकाराचा शिक्का असलेल्या दोन कार्डांत सेक्टरची संख्या कमी-जास्त असते आणि प्रत शेवटाला बसत नाही. पहिल्या ३२ एमबीतलं पार्टिशन हा प्रश्नच येऊ देत नाही. दुसरं कार्ड यंत्रात लावून एकदा बूट करून पाहा, मग त्यावर तारीख लिहून पेटीच्या आतच चिकटवून ठेवा. तुम्ही गावाला असताना ऑफिसातल्या कुणालाही फोनवरून सांगून ते बदलता येतं. जुनी फ्लॉपी फेकायची घाई नको, पण ड्राइव्हमध्ये ठेवू नका.

इंटरनेटसमोर उभं राहायचं असेल तर

आजच्या यंत्रासाठी मी अल्पाइन लिनक्स सुचवेन, आणि कारण फक्त त्याच्या छोटेपणाचं नाही. अल्पाइनची सुरुवातच लीफची एक शाखा म्हणून झाली. फ्लॉपीची शिस्त त्याने आजही जपली आहे: डिस्कलेस पद्धतीत पूर्ण प्रणाली रॅममध्ये चालते, आणि तुमचे बदल एका एपीकेओव्हीएल फाइलीत कार्डावर राहतात.

कार्ड, पेनड्राइव्ह किंवा छोटी एसएसडी वर सांगितल्याप्रमाणेच फॅट पार्टिशन करून तयार करा. पार्टिशन थोडं मोठं, ५१२ एमबीच्या आसपास ठेवा. दुसऱ्या माध्यमावरून अल्पाइन सुरू करून सेटअप-बूटेबल ही स्क्रिप्ट चालवली की आयएसओमधल्या फाइली आणि बूटलोडर कार्डावर जातात. त्या कार्डावरून बूट करून सेटअप-अल्पाइन चालवा. कोणत्या डिस्कवर बसवायचं या प्रश्नाला ‘नन’ उत्तर द्या. सेटिंग कुठे साठवायचं आणि पॅकेजचा कॅश कुठे ठेवायचा, या पुढच्या दोन प्रश्नांना कार्डाचं नाव द्या. कॅश विसरलात तर वाढवलेली पॅकेजेस बूटच्या वेळी इंटरनेटवरून आणावी लागतात, आणि इंटरनेट देणारी पेटी तर हीच.

एनएफटेबल्स हे फायरवॉलचं साधन बसवा, त्याची सेवा बूटला जोडा, आयपी फॉरवर्डिंग सिस्कंट्रोलच्या सेटिंगमध्ये चालू करा आणि मग बदल कार्डावर जतन करणारी एलबीयू कमिट ही आज्ञा चालवा. कार्ड नेहमी रीड-ओन्ली माउंट असतं. कमिटपुरतं ते लिहिण्यायोग्य होतं आणि पुन्हा बंद होतं. एलबीयू डॉट कॉन्फमध्ये बॅकअप लिमिट हा पर्याय दिलात तर आधीच्या काही प्रतीही राहतात आणि नियम बिघडले की एलबीयू रिव्हर्टने मागे जाता येतं.

एक खाचखळगा लक्षात ठेवा. एलबीयू मुळात ईटीसी फोल्डरमधलेच बदल जतन करतं. रूटच्या घरातली एसएसएच किल्ली किंवा स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट त्यात येत नाही, ती एलबीयू इन्क्लूडने यादीत घालावी लागते. कमिट करण्याआधी एलबीयू स्टेटस पाहण्याची सवय ठेवा: तिथे जे बदल दिसत नाहीत, ते वीज गेल्यावर उरणार नाहीत.

कर्नलचं अपडेट मात्र नेहमीच्या पॅकेज अपडेटमध्ये होत नाही, कारण बूटच्या फाइली रॅममध्ये नसून कार्डावर आहेत. नव्या आयएसओवरून सेटअप-बूटेबल अपडेटच्या पर्यायासह चालवावी लागते. ते आधी दुसऱ्या कार्डावर करा, त्यावरून बूट करून नियम आणि व्हीपीएन तपासा, आणि चाललं की तेच कार्ड पेटीत राहू द्या. काढलेलं कार्ड आता राखीव झालं. एखादं कार्ड कायमचं टाकून द्यायची वेळ आली तर ते फोडून टाका; पासवर्ड आणि व्हीपीएनच्या किल्ल्या फाइली पुसल्यानंतरही फ्लॅशमध्ये उरलेल्या असू शकतात.